एक फुटला, चार घ्या

पुण्यात टायर फुटायला मुहूर्त लागत नाही. पाऊस नुकताच पडून गेलेला असावा, खड्डा पाण्याने भरून सपाट रस्त्याचं सोंग वठवत असावा आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून पुढच्याच्या डोक्याचा भुगा केलेला असावा, एवढं साहित्य पुरतं. सिंहगड रस्त्याकडे राहणाऱ्या एका गृहस्थांचा टायर असाच गेला. मागचा, डावा. पंक्चरवाल्याने चाक फिरवून पाहिलं, साइडवॉलवरच्या बोटभर चिरेत अंगठा घातला आणि म्हणाला, "गेला, साहेब. इथे पॅच धरत नाही."

गृहस्थ खचले नाहीत. टायर फुटतात, नवे मिळतात, दहा हजारांच्या आसपास चाट बसते, संसार पुढे चालू राहतो. त्यांनी डिकीतली स्टेपनी लावून घेतली आणि गाडी थेट टायरच्या दुकानात नेली.

दुकानदाराने गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या दारावरची 'एडब्ल्यूडी' ही तीन चकचकीत अक्षरं वाचली. मग पोऱ्याकडे वळून म्हणाला, "साहेबांना आधी चहा सांग."

न मागता चहा आला की आकडा मोठा असतो, हे गृहस्थांना अनुभवाने ठाऊक होतं. ते सावध झाले.

"एक टायर द्या. सेम कंपनी, सेम साइज. 215/60 आर 17."

"साहेब, चार घ्यावे लागतील."

"फुटलाय एक."

"बरोबर. पण गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना."

"म्हणून काय चारही फुटले असं समजायचं?"

"तुम्ही समजू नका. पण पुढे जे फुटेल ते टायर नसेल."

गृहस्थांनी चहा निम्मा टाकला आणि उठले. फसवलं न जाण्याचा त्यांना तीस वर्षांचा सराव आहे. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय ते पिशवीचं तोंड बांधत नाहीत. असा माणूस एका टायरच्या बदल्यात चार टायर घेईल? 'एकावर एक फ्री' त्यांनी ऐकलं होतं. 'एकावर तीन विकत' ही योजना मात्र नवीन होती.

इथे थोडं मागे जायला हवं. तीन वर्षांपूर्वी गाडी घेताना या गृहस्थांनी चारही चाकांना ताकद पोचवणारं मॉडेल हट्टाने निवडलं, त्यासाठी वेगळे पैसे मोजले आणि घरी 'सेफ्टी' हे कारण सांगितलं. शोरूममधल्या मुलाने त्यांना बर्फात चढ चढणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दाखवला होता. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात सापडतो, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही. जपानमध्ये तोहोकूच्या वीज कंपनीला 1971 च्या सुमारास खरोखरच हिवाळ्यात बर्फातून तारांची पाहणी करायला गाडी हवी होती. जीपमध्ये माणसं गारठत होती. त्या गरजेतून सुबारूने 1972 मध्ये चारही चाकांवर चालणारी 'लिओनी' ही स्टेशन वॅगन बाजारात आणली. ऑडीची 'क्वाट्रो' 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली, तिच्याही मुळाशी बर्फातल्या चाचण्याच होत्या. आपल्या गृहस्थांच्या गाडीने आजवर पाहिलेला सर्वांत दुर्गम प्रदेश म्हणजे भोरजवळच्या एका मंगल कार्यालयाचं मातीचं पार्किंग. तिथे वळवाच्या पावसात इतर पाहुण्यांच्या गाड्या रुतल्या आणि यांची निघाली. ही कथा त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे.

तर अशा गाडीच्या मालकाने पहिल्यांदा इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला.

"टायर फुटलाय. क्लेम करायचाय."

"गाडीचं काही नुकसान झालंय का सर?"

"नाही, देवाच्या कृपेने गाडीला ओरखडाही नाही."

"मग बसत नाही सर. गाडीचं त्याच वेळी नुकसान झालेलं असेल तरच टायरचे पैसे मिळतात. तेही निम्मे."

फोन ठेवल्यावर गृहस्थ बराच वेळ गाडीच्या बंपरकडे पाहत उभे होते. खड्डा थोडा अजून खोल असता तर, असा विचार नागरिकाच्या मनात आणणारं ते एक कलम असावं. विमा उतरवलेल्या माणसाने ते पॉलिसीच्या पानांत शोधून वाचावं, करमणूक होते.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये परिषद भरली. असल्या परिषदेला निमंत्रण लागत नाही. गाडीचं बॉनेट उघडलं किंवा मालक चाकाशेजारी उकिडवा बसला की सभासद आपोआप जमतात आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला सर्वांत आधी बोलायचं असतं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सूत्रं हाती घेतली.

"काही होत नाही. माझ्या पद्मिनीला चार कंपन्यांचे चार टायर होते. त्यातले दोन रिमोल्ड. कोल्हापूरला जाऊन आलो."

'काही होत नाही' हे आपल्याकडचं सर्वमान्य तांत्रिक प्रमाणपत्र आहे. गॅसच्या नळीपासून लिफ्टच्या दोरापर्यंत ते सगळ्याला चालतं. काकांचं म्हणणं खोटंही नव्हतं. प्रीमियर पद्मिनीची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जायची, पुढची दोन नुसती सोबतीला फिरायची. पुढचे टायर लहान असोत की मोठे, मागच्यांशी त्यांचा यांत्रिक संबंधच नव्हता, त्यामुळे भांडणही नव्हतं.

आयटीतल्या एका तरुणाने मोबाइल पुढे केला. "अंकल, हे बघा. बीएमडब्ल्यू एक्स 5. हीसुद्धा चारही चाकांवर चालते. 21 इंची रिमवर पुढे 275/40, मागे 315/35. कंपनीच दोन साइज देते! आणि तुम्हाला तो चार सेम घ्या म्हणतो?"

गृहस्थांचा चेहरा उजळला. जर्मनीने त्यांची बाजू घेतली होती.

"मी तर थारला मागे नवे दोन टाकलेत," तिसऱ्या मजल्यावरचा थारवाला म्हणाला. "पुढचे अर्धे झिजलेत. एकदम मक्खन चालतीय." तोही खोटं बोलत नव्हता. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत रोजच्या रस्त्यावर मागची दोनच चाकं ओढतात. पुढची जोडायची तर लिव्हर ओढावा लागतो, आणि या मालकाने तो आयुष्यात एकदाच ओढला होता. सोसायटीच्या कोरड्या सिमेंटच्या रॅम्पवर, मुलांना दाखवायला. तेव्हा वळणावर गाडी उड्या मारायला लागली, लिव्हर अडकून बसला आणि शेवटी थोडी रिव्हर्स घेतल्यावर सुटला. गिअरमध्ये पीळ बसला की असंच होतं. निसरड्या मातीवर चाकं जरा घसरतात आणि पीळ सुटतो, सिमेंटवर घसरायला जागाच नसते. ही घटना त्याने परिषदेपुढे ठेवली नाही.

एकूण ठराव असा झाला की टायरवाले चोर आहेत.

ठराव घेऊन गृहस्थ घरी आले. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "जुन्या टायरची नक्षी किती उरलीय?"

"भरपूर आहे. गोटा थोडाच झालाय?"

"भरपूर म्हणजे किती मिलिमीटर?"

नक्षी मिलिमीटरमध्ये मोजतात हे गृहस्थांना माहीत नव्हतं. खाली जाऊन मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी खाचेत घालून पाहिली, तर तीन. डिकीतून निघालेल्या कोऱ्या स्टेपनीची आठ. बाईंनी लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे मांडणी केली. 17 इंची रिम म्हणजे 431.8 मिलिमीटर. 215 चे 60 टक्के म्हणजे 129, ते वर आणि खाली असे दोनदा. नव्या टायरचा व्यास 689.8. झिजलेल्याचा 10 ने कमी. गुणिले पाय. परिघातला फरक 31 मिलिमीटरच्या वर, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास.

"सव्वा इंच! एवढ्याशाने काय होतं?"

"नवा टायर एका किलोमीटरला सुमारे 461 फेरे घेतो, जुना 468. महाबळेश्वर 120 किलोमीटर धरलं तर जुना नव्यापेक्षा आठशेहून जास्त फेरे घेईल. फक्त जाताना."

"हे त्या दुकानदाराचं गणित आहे."

"अहो, दुकानदार लुबाडत असेल. पाय कशाला लुबाडेल?"

मग बाईंनी जर्मनीचाही हिशेब केला. 275 चे 40 टक्के 110. 315 चे 35 टक्के 110 आणि वर पाव. दोन्ही टायर 21 इंची रिमवर. एकाचा व्यास 753.4, दुसऱ्याचा 753.9. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. म्हणजे रुंदी वेगळी, आकडे वेगळे, पण रस्त्यावर पडणारं पाऊल दोघांचं सारखं. जर्मनी मुकाट्याने विरोधी पक्षात जाऊन बसली.

पाकिटावरच्या गणितावर विश्वास ठेवणारा माणूस पुण्यात दुकानदाराशी वाद घालत नाही. गृहस्थ पुरावा गोळा करायला शिवणाच्या मशिनच्या ड्रॉवरमधली टेप घेऊन खाली उतरले. ही टेप दीड मीटरची. टायरचा घेर दोन मीटरच्या वर. टेप चाकाच्या तीन बाजूंनी गेली आणि संपली. टायरच्या तळाशी जमीन असल्यामुळे ती तशीही पूर्ण गुंडाळता आली नसती, हा मुद्दा वॉचमनने नम्रपणे मांडला. मग खडू आला. टायरवर एक रेघ, जमिनीवर एक रेघ, वॉचमन मागून ढकलतोय, गृहस्थ खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरतायत आणि टायरवरची रेघ पुन्हा खाली टेकताच "थांब!" अशी आरोळी. चारही चाकांचं असं मोजमाप झालं. चार आकडे आले आणि त्यातले कुठलेही दोन सारखे नव्हते. जे टायर चांगले म्हणून गेली तीन वर्षं फिरत होते त्यांच्यातही पुढचे मागच्यांपेक्षा जास्त झिजले होते. टायरची अदलाबदल करायला गृहस्थ कधी गेलेच नव्हते, कारण तेव्हाही काही होत नव्हतं. एका चाकात हवा कमी निघाली. हवा कमी असली की टायर थोडा बसतो आणि फेऱ्यात फरक पडतो. तिथे खडू हरला.

आता या सव्वा इंचाने गाडीच्या पोटात काय होतं?

वळणावर गाडीची चारही चाकं चार वेगळ्या वर्तुळांवरून जातात. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर, आतल्याला कमी. त्यांनी एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरला तर एक तरी घासटत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची करामत असते. पेकूर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट 1820 च्या दशकातच घेतलं होतं. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीला अशी एक पुरते. चारही ओढायची तर पुढे एक, मागे एक आणि पुढच्या-मागच्यांचा समेट करायला मध्ये आणखी काहीतरी लागतं. कुठे तिसरं डिफरन्शियल असतं, कुठे दाट सिलिकॉन तेलात फिरणाऱ्या चकत्या असतात, आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांत संगणकाच्या हुकमाने आवळणारी क्लचची जोडणी असते. या जोडणीचं काम सप्तपदीतल्या शेल्याच्या गाठीसारखं. नवरदेव ढांगा टाकतोय, नवरी शालू सावरत छोटी पावलं टाकतेय, दोघांच्या पावलांतला फरक ती गाठ सोसते. सात पावलांपुरतं कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच गाठीनिशी दोघांना महाबळेश्वरपर्यंत चालत पाठवलं तर वाईच्या आधीच शेला फाटेल.

संगणकाचीही यात गंमत होते. एक चाक इतरांपेक्षा कायम वेगळ्या गतीने फिरताना दिसलं की त्याला वाटतं, गाडी घसरतेय. बिचारा स्वारगेटच्या सिग्नलपासून कात्रजपर्यंत तिला बर्फातून सोडवत बसतो. क्लचच्या चकत्या आवळतात, घासतात, तापतात, तेल काळं पडतं. सुबारू आपल्या ग्राहकांना चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक ठेवू नका असं बजावते. गृहस्थांच्या गाडीत त्याच्या जवळजवळ पाचपट होता.

आणि इथेच स्टेपनीचा घोळ. गृहस्थांना वाटत होतं की कोरी करकरीत स्टेपनी लावली म्हणजे प्रश्न सुटला. नवा टायर, तीच कंपनी, तीच साइज, पैसे शून्य. प्रत्यक्षात गाडीतलं सर्वांत विजोड चाक तेच होतं. तिच्या अंगावर 4122 असा आकडा होता, म्हणजे 2022 च्या एक्केचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेली. तेव्हापासून अंधारात झाकून ठेवलेली. नक्षीने नवी, रबराने तीन वर्षांची. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये तर लहान स्टेपनी लावायची वेळ आली की बॉनेटखालच्या एका ठरलेल्या खाचेत फ्यूज बसवायचा असे. तो बसवला की मागची चाकं सुटायची आणि गाडी फक्त पुढच्या दोघांवर चालायची. ज्या कंपनीची सगळी ख्याती चार चाकांवर, तिनेच स्टेपनी लावताना आपली ख्याती बंद करायची सोय करून ठेवली होती.

आपले गृहस्थ मात्र तशीच गाडी चालवत राहिले. काही दिवसांनी पार्किंगच्या वळणावर खालून 'गुर्रर' असा आवाज येऊ लागला. त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला. भारतीय वाहनदुरुस्तीत याहून स्वस्त उपाय नाही. मग डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्याला आवाज नसल्यामुळे गाण्याचा उपयोग होईना. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने जोडणी बदलण्याचा अंदाजे खर्च सांगितला तेव्हा पिवळा दिवा गृहस्थांच्या चेहऱ्यावर लागला. तो खर्च टायरांच्या हजारांत बसणारा नव्हता.

तरी चार टायर घ्यायचे नाहीत हा बाणा कायम होता. तर्कशुद्ध मार्ग एकच उरला: आपल्या टायरइतकाच झिजलेला, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक टायर शोधणे. कुणीतरी सांगितलं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर काय वाटेल ते मिळतं. गृहस्थ खिशात पट्टी घालून गेले.

"हा घ्या साहेब. एकदम नव्यासारखा."

"नव्यासारखा नको. जुना दाखवा."

"जुना?"

"तीन मिलिमीटरचा. साडेतीनही चालेल."

"साहेब, लोक जास्त नक्षीवाला मागतात."

"माझ्याकडे आहे ना जास्त नक्षीवाला. तोच तर प्रॉब्लेम आहे."

दुकानदाराने आयुष्यभर जुना माल नवा म्हणून खपवायचं कसब कमावलेलं. समोर उभं राहून माल अजून जुना दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं. त्याने ढिगातून एकेक टायर काढला, गृहस्थांनी एकेक मोजून नापास केला. हा पाच मिलिमीटर, तो एका कडेने झिजलेला, त्याची कंपनी वेगळी. एक अगदी नेमका सापडला. तीच कंपनी, तीच नक्षी, तीन मिलिमीटर. साइज 215/60 आर 16 होती.

त्या रात्री कोलोरॅडोतल्या चुलतभावाशी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे हिवाळ्यात खरंच बर्फ पडतो आणि गल्लीत दर चार-दोन घरांआड सुबारू उभी असते.

"दादा, चार कशाला घेतोस? एकच घे आणि शेव्ह करून घे."

"काय करून घे?"

"तासून. मशिनवर नव्या टायरची नक्षी कापून बाकीच्यांइतकी करून देतात. मीही गेल्या वर्षी केलं."

हे खरं आहे. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे. मूळ शर्यतीच्या गाड्यांचा. तिथे पातळ नक्षी कमी तापते म्हणून टायर तासतात. तेच यंत्र ऑल व्हील ड्राइव्हवाल्या गृहस्थाश्रमी लोकांच्या कामी आलं. हिशेबाने पाहिलं तर त्यात शहाणपणही आहे, तीन टायरांचे पैसे वाचतात. पण ही गोष्ट मराठी घरात सांगून पाहा. गृहस्थांच्या आई शेजारच्या खोलीतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "अरे, नव्या टायरचे पैसे दिलेस?"

"हो काकू."

"आणि मग तो झिजवायचे वेगळे दिलेस?"

"हो, थोडे."

"आणि झिजलेलं रबर त्यांनीच ठेवून घेतलं?"

पलीकडे नेटवर्क गेलं. गेलं असावं.

शेवटची आशा ट्रॅक्टर होता. निफाडचा भाचा द्राक्षांचा हंगाम आटोपून दोन दिवस आला होता. त्याच्याकडे बागेत फवारणीला छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. गृहस्थांनी जेवताना त्याला गाठलं.

"तुझ्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक केवढं, मागचं केवढं?"

"पुढचं बारकं, मागचं मोठं."

"बघ!" गृहस्थ पत्नीकडे वळले. "आणि तरी चारही ओढतात."

भाच्याने भाकरीचा तुकडा मोडला. "मामा, ते गिअरमधीच धरलेलं असतंय. पुढचं बारकं हाय म्हणून त्याला जास्त फेरे दिलेत. वर अजून थोडं जास्त देत्यात, पुढच्यानं खेचलं पाहिजे म्हणून. शंभराला दोन-चार. म्हणून तर टायर घेताना जोडी बघून घ्यायला लागती. आमच्या गावात एकानं मागचे दुसऱ्याच मापाचे टाकले, त्याचा पुढचा डिफरन्शियल गेला."

"आणि डांबरी रस्त्यावर?"

"डांबरीवर कोण फोर व्हील टाकतंय मामा? काढून ठिवायचा. टायर खातोय."

स्वयंपाकघरातून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ज्याने ट्रॅक्टरचं पुस्तक कधी उघडलं नसेल त्या मुलाला जे पाठ होतं ते कळायला मामांना सुबारू, बीएमडब्ल्यू आणि कुर्ला एवढा प्रवास पडला होता. ट्रकवाल्यांनाही ते ठाऊक असतं. मागे जोडीने लावलेल्या दोन टायरांत एक नवा आणि एक जुना घातला तर मोठा टायर सगळं वजन घेतो आणि लवकर मरतो, हे कुठल्याही हायवेवरच्या ढाब्यावर चहा पिताना ऐकायला मिळतं. ज्यांचं पोट चाकावर आहे त्यांची या बाबतीत चर्चा होत नाही. परिषदा आपल्याकडेच भरतात.

गृहस्थ पुन्हा टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराने ओळख दाखवली नाही, हा त्याचा मोठेपणा. चहा मात्र सांगितला. या वेळी पूर्ण प्यायला गेला.

"चार द्या."

"तेच मॉडेल कंपनीने बंद केलं, साहेब. नवीन नक्षी आलीय. चारही घेताय म्हणजे प्रश्नच नाही."

म्हणजे पहिल्या दिवशी एक घ्यायचा म्हटला असता तरी नेमका तसा मिळालाच नसता. हे कळल्यावर गृहस्थांना विलक्षण शांत वाटलं. भाव सांगताना दुकानदाराने आठवण करून दिली की सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय. गृहस्थांनी लगेच दहा टक्के वाचल्याचा हिशेब मांडला, चाराने गुणला आणि एकंदरीत आपला फायदाच झाला अशा निष्कर्षाला आले. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं. पोऱ्याने विचारलं, "नायट्रोजन भरू का?"

"साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो," बाई म्हणाल्या. त्या या वेळी मुद्दाम सोबत आल्या होत्या. "उरलेल्या 22 टक्क्यांचे किती होतील?"

पोऱ्याने साधी हवा भरली. दुकानदाराने बिलाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहून दिलं: दहा हजार किलोमीटरच्या आत टायर पुढे-मागे करून घेणे, हवा चारही चाकांत कंपनीच्या आकड्याप्रमाणे ठेवणे. पिवळा दिवा विझला, गुरगुर थांबली, जोडणी थोडक्यात बचावली. घरी परतताना गृहस्थांनी सर्वांना ऐकवलं की ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चार चाकं नसतातच मुळी, चार तुकड्यांत विकलं जाणारं ते एकच चाक असतं. हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असा त्यांचा सूर होता. सोसायटीत दुसऱ्या कुणाचा टायर फुटला तर परिषदेचं अध्यक्षपद आता त्यांच्याकडे जाईल यात शंका नाही.

राहता राहिले जुने तीन. ते सध्या घराच्या बाल्कनीत तुळशीशेजारी आहेत आणि बाईंनी त्यांना गणपतीपर्यंतची मुदत दिली आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाची गाडी दोनच चाकांवर चालत असेल, साइज 215/60 आर 17 असेल आणि टायर नेमका तीन मिलिमीटरपर्यंतच वापरून झाला असेल, तर त्यांनी जरूर विचार करावा. कायद्याची हद्द 1.6 मिलिमीटरची आहे, म्हणजे अजून जवळजवळ दीड मिलिमीटर शिल्लक आहे. भावात थोडं इकडे-तिकडे करता येईल, नक्षी समोर पट्टीने मोजून दिली जाईल. चौथा मागू नये.